मामा तलावाच्या पाळीवर: गरी, तंगूस आणि जवसाची ढेप

बुधवार

मेहुण्याने गाडीची डिकी उघडली आणि मी कपाळावर हात मारला. तेरा फुटी समुद्री काठी, तिला शोभेल असं दांडगं रीळ, गळांचे डबे, घडीची खुर्ची, वर चमचमत्या प्लास्टिकच्या माशांची एक अख्खी पेटी. मी त्याला एवढंच म्हटलं होतं, की मार्च संपत आलाय, तुझ्या मामाच्या गावच्या तलावाचं पाणी उतरायला लागलं असेल, गळ टाकायला जाऊ. पठ्ठ्याने रात्र रात्र व्हिडिओ पाहिले आणि जे दिसेल ते मागवलं.

"भाऊजी, तलाव मोठा आहे म्हणता ना? मग लांब फेकता यायला पाहिजे."

"मोठा आहे, पण लांब फेकायचं काम नाही," मी म्हटलं. त्याला ते पटलं नाही. नागपूरच्या फ्लॅटमध्ये बसून पटण्यासारखं ते नाहीच.

माझं सामान तसं थोडकं. दहा फुटांची दोन तुकड्यांची काठी, मध्यम आकाराचं रीळ, त्यावर 0.30 मिलिमीटरचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोरा. एक आखूड, ताठ काठी वेगळी, वेणीच्या दोऱ्याची. ती फक्त मरळीसाठी. चार आणि सहा नंबरचे गळ (इकडच्या बोलीत गऱ्या), थोडे दोन नंबरचे, शिसं, फिरक्या, चिमटा पक्कड. गळाच्या नंबरावरून मेहुण्याचा गोंधळ रस्त्यातच निस्तरला. आकडा वाढेल तसा गळ लहान होत जातो, दहापेक्षा सहा मोठा आणि सहापेक्षा दोन. आकड्याला 1/0, 2/0 अशी शून्याची शेपटी लागली की मात्र गणित उलटं फिरतं.

भंडारा, लाखनी करत साकोलीला आलो. चहा घेतला, आणि चाऱ्यासाठी बाजारातून जवसाची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड घेतली. ही ढेप नागपूरहून नेण्यात अर्थ नसतो. या भागात धान कापायच्या आधीच बांधीतल्या (धानाच्या शेतातल्या) ओलीवर लाखोळी आणि जवस फेकून पेरतात, त्यामुळे ताजी ढेप इथेच मिळते, आणि मासोळीला ताजा वास लागतो. कोहमाऱ्याला हायवे सोडून दक्षिणेला वळलो. पळस अजून पेटलेले होते, मोहाखालची जमीन झाडून साफ केलेली होती. जिथे कालव्याचं पाणी पोहोचतं तिथे उन्हाळी धान हिरवागार, बाकीच्या बांध्या मोकळ्या. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं आमचं हे गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या रविवारी पाळीवर गाड्या लागतील.

मामांच्या ओसरीत भिंतीला दोन लाकडी खुंट्या आहेत. त्यांच्यावर कधीकाळी भरमार बंदूक असायची. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली, पुढे बंदूकही घरातून गेली. आता तिथे टॉर्च आणि मामींची छत्री लटकते. जेवताना मेहुण्याने उगाच ससा-तितराचा विषय काढून पाहिला. मामांनी ताटातून मान वर न करता निकाल दिला. "ससा असो का हरीन, कायदा एकच हाये बापा. तलावाची मासोळी खा गुमान."

गुरुवार

सकाळी आधी मच्छीमार संस्थेत गेलो. बाहेरून येणाऱ्यांचा असा समज असतो की तलाव म्हणजे सरकारी, म्हणजे कुणाचाच नाही. पूर्व विदर्भातले हे माजी मालगुजारी तलाव, सगळे त्यांना मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळात इथल्या कोहळी समाजाने ते बांधले, पुढे मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे गेले, आणि 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झाले. शंभर हेक्टरांपर्यंत ओलित करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे. मासेमारी मात्र ठेक्याने, बहुतेक ठिकाणी ढिवरांच्या सहकारी संस्थेकडे. संस्था पैसे भरून पावसाळ्यात बोटुकली (बोटाएवढी पिलं) सोडते, वर्षभर राखण करते. तिथे न विचारता गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या बांधीतला धान कापणं.

सचिवांनी दिवसाची ठरलेली रक्कम घेतली, पावती दिली आणि अटी सांगितल्या. अर्ध्या किलोखालची मासोळी सोडायची. ठेवायची ती संस्थेच्या काट्यावर तोलून बाजारभावाने घ्यायची. आणि तुटलेला तंगूस पाण्यात किंवा पाळीवर टाकायचा नाही. शेवटची अट ऐकून बरं वाटलं. गोंदिया जिल्ह्यात अजून सारस आहेत, ते याच तलावांच्या काठाने आणि बांध्यांतून चरतात. पायात तंगूस अडकलेल्या पाखराचं काय होतं ते सांगायला नको. सोबत संस्थेतले एक म्हातारे बाबा दिले. हातात बांबूची काठी, खिशात काडेपेटी. काडेपेटीत गळ आहेत हे मागाहून कळलं.

पाळीवर उभं राहिल्यावर मेहुण्याला तलाव दाखवला. हे तलाव खोदलेले नसतात, अडवलेले असतात. उताराच्या एका अंगाला मातीची पाळ घालायची, वरच्या जंगलातलं पाणी आपोआप येऊन थांबतं. म्हणून सगळ्यात खोल पाणी पाळीच्या पायथ्याशी, त्यातही तुडुमाजवळ, जिथून पाटाला पाणी सोडतात. पलीकडे जावं तसा तळ चढत जातो आणि शेवटी चिखल, देवधान आणि बेशरमाचं रान. मेहुण्याने तेरा फुटी काठीने जीव खाऊन शिसं भिरकावलं. लांब पडलं खरं, पण जिथे पडलं तिथे एक म्हैस निवांत उभी होती आणि पाणी तिच्या पोटालाही लागत नव्हतं.

"जावईबापू, याले सांगा, मासोळी इकडं हाये, तिकडं भस," बाबा म्हणाले.

मोठी काठी गाडीत गेली. मग खोली मोजायला बसलो. हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक लोक ते टाळतात, पण तरंगीच्या गळाचं निम्मं यश यात असतं. गळाला जड शिसं अडकवायचं आणि पाण्यात सोडायचं. तरंगी बुडाली तर पाणी तरंगी-गळाच्या अंतरापेक्षा खोल, मग तरंगी वर सरकवायची. आडवी पडून राहिली तर अंतर जास्त झालं, खाली आणायची. नुसतं टोक पाण्याबाहेर राहिलं की खोली सापडली. काठीवर त्या मापाची चिकटपट्टी लावून ठेवायची. तुडुमाच्या उजव्या हाताला साडेनऊ फूट पाणी लागलं, दहा पावलं पुढे सातच. मधे कुठेतरी पायरी होती. मासोळी अशा पायरीच्या कडेने फिरते. बाबांना हे मोजमाप बघून हसू येत होतं, पण जागा मात्र त्यांनी आधीच काडी खोचून ठेवली होती ती आणि आमची जवळजवळ एकच निघाली.

दुपारी ओसरीत रीळ भरायचं काम. नवा तंगूस रिळावर चढवताना तो ओल्या फडक्यातून, थोडा ताणून चढवावा. सैल चढला की पहिल्याच फेकीला त्याचा गुंता. रिळाच्या काठापर्यंत भरायचा नाही, दीड-दोन मिलिमीटर जागा सोडायची. फार कमी भरला तर तो काठाला घासत बाहेर पडतो आणि फेक आखूड होते. वेणीच्या दोऱ्याला ताण अजिबात नसतो आणि तो गुळगुळीत रिळावर नुसताच गोल फिरतो, म्हणून खाली आधी थोडा तंगूस गुंडाळून त्यावर तो बांधायचा.

मग ब्रेक, म्हणजे मासोळीने जोरात ओढलं की दोरा सुटू देणारी रिळावरची कळ. दुकानातला माणूस रीळ फिरवून दाखवतो, हा ब्रेक कसा लावायचा ते सांगत नाही. दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर रीळ सुटायला लागलं पाहिजे. आमचा तंगूस सहा किलोचा. दोन लिटरच्या बाटलीत दीड लिटर पाणी भरलं, काठीच्या सगळ्या कड्यांतून दोरा काढून बाटलीच्या गळ्याला बांधला, आणि मेहुण्याला काठी हळूहळू उचलायला सांगितली. काठी वाकली, बाटली जमिनीवरून जेमतेम सुटली आणि रिळाने किर्र केलं. ब्रेक बरोबर. आधी त्याने तो इतका आवळून ठेवला होता की बाटली थेट मामींच्या तुळशीपर्यंत गेली असती. कड्यांतून दोरा न काढता नुसता रिळावरून ओढून ब्रेक बघितला तर फसगत होते, कारण वाकलेल्या काठीत घर्षण वाढतं आणि तोच ब्रेक जड लागतो.

गाठी बाबांनी तपासल्या. म्हणजे बोटाने चाचपल्या, एक दातात धरून ओढली आणि सुटल्यावर परत दिली. तंगुसाची गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची. कोरडी ओढली की घासून तापते आणि नेमकी गाठीपाशीच कमजोर होते. मेहुण्याने सहा फेऱ्यांची गाठ पुन्हा मारली, या वेळी ओली, आणि ती टिकली.

रात्री ढेप भिजत घातली.

शुक्रवार

पहाटे चारला निघायचा मेहुण्याचा बेत मामांनी हाणून पाडला. मोहाचा हंगाम आहे. अस्वलालाही मोह आवडतो, आणि हे जंगल नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाला खेटून. मोह वेचायला गेलेल्या, वाकून बसलेल्या माणसावर हल्ला झाल्याच्या बातम्या इथे दर उन्हाळ्यात असतात. ऊन चांगलं वर आल्यावर पाळीवर पोहोचलो. काही बिघडलं नाही, रोहू काही पहाटेच्या मुहूर्तावर अडून बसत नाही.

चारा असा केला: धानाचा कोंडा दोन भाग, भिजलेली ढेप एक भाग, आणि तलावाकाठचीच चिकण माती, तीही बरीच. मातीशिवाय गोळा पाण्यावर आपटताच फुटतो आणि वरच्या वरच लहान मासोळ्या फस्त करतात. संत्र्याएवढे गोळे करून काडीच्या जागेवर सोडले, हळूच, फेकून नाही. मग तासभर थांबलो. मेहुण्याला हा तासभर फार जड गेला.

गळावरचं आमिष म्हणजे कणीक, त्यात ढेपेचं पाणी, भाजून कुटलेली मेथी आणि चिमूटभर बडीशेप. कणीक भाकरीच्या पिठापेक्षा घट्ट हवी, नाहीतर फेकतानाच सुटते. बाबांनी त्यात थोडा कापूस पिंजून मळायला लावला. तो खरंच कामाचा निघाला, कणीक पाण्यात बराच वेळ धरून राहिली.

कोणती मासोळी कुठे खाते ते तिच्या तोंडावरून कळतं. कटल्याचं खालचं जबडं पुढे आणि तोंड वर वळलेलं, तो वरच्या पाण्यात खातो. रोहू मधल्या थरात. मृगळाचं तोंड खाली, तो तळाशी. सायप्रिनस (कॉमन कार्प) चिखल उकरत हिंडतो. त्याप्रमाणे माझी काठी तळापासून वितभर वर लावली, मेहुण्याची तळाला टेकवून. त्याची तरंगी रात्री चमकणारी, जाडजूड. बाबांची तरंगी मोराच्या गळलेल्या पिसाच्या दांडीची, बोटभर, खाली दोऱ्याने बांधलेली. फरक लगेच दिसला. रोहू आमिष एकदम गिळत नाही, ओठाने चाचपतो. ते चाचपणं पिसावर दिसत होतं, मेहुण्याच्या तरंगीवर नाही. मी तीन-चार शिशाचे मणी वाढवून त्याची तरंगी टोकापर्यंत बुडवून दिली. मग तीही बोलायला लागली. महागडी तरंगी वाईट नव्हती, तिला पोटभर वजन मिळालं नव्हतं इतकंच.

दुपारपर्यंत दोन मृगळ, एक रोहू, आणि सोडून दिलेली बरीच बारकी. सोडायची असतील म्हणून गळाचे काटे पकडीने दाबून सपाट केले होते. गळ लगेच निघतो, मासोळीचं तोंड फाटत नाही. सपाट गळावरून मासोळी सुटते असं म्हणतात. दोरा सैल सोडला तर सुटते.

चारच्या सुमारास मेहुण्याने दोन नंबरचा गळ लावला, तरंगी खाली ओढून आमिष पृष्ठभागापासून अडीच फुटांवर आणलं आणि चाऱ्यावर वर उठणाऱ्या बुडबुड्यांच्या बाजूला सोडलं. काही वेळाने तरंगी बुडायच्या ऐवजी वर उचलली गेली आणि आडवी पडली. "हाण!" बाबा ओरडले. पुढची दहा-बारा मिनिटं त्याला काही सुचत नव्हतं. रीळ किर्र करत सुटायचं, थांबायचं, तो भरायचा, पुन्हा सुटायचं. दोनदा त्याचा हात ब्रेककडे गेला आणि दोनदा बाबांनी त्याच्या मनगटावर काठी टेकवली. पाळीच्या आतल्या बाजूला दगडांचा उतार आहे, शेवाळलेला. तिथे खाली उतरून मासोळी हाताने धरायला गेलं की माणूस आणि मासोळी दोघं पाण्यात. लांब दांड्याची हातजाळी ही त्या ढीगभर सामानातली खरी उपयोगाची खरेदी. कटला जाळीत आला, काट्यावर तीन किलो दोनशे भरला. संस्थेचे पैसे मेहुण्याने जागेवर मोजले.

रात्री मामींनी कच्चा आंबा घालून रस्सा केला.

शनिवार

आज मरळ. तिच्यासाठी मोठा तलाव सोडून गावामागच्या बोडीवर गेलो. बोडी म्हणजे लहान तळं, कमळपानं आणि हायड्रिला नावाचं पाणगवत यांनी निम्मी झाकलेली. मरळीला हवेतूनही श्वास घ्यावा लागतो, थोड्या थोड्या वेळाने ती वर येऊन घोट घेते. पानांमध्ये कुठे 'चुळुक' झालं की तिथून हातभर पुढे टाकायचं.

इथे तंगुसाचं काम नाही. तो ताणला जातो; मरळीचं तोंड कठीण, गळ रुतायला झटका सरळ पोहोचला पाहिजे. शिवाय गळ लागताच ती गवतात घुसते. वेणीचा दोरा ताणला जात नाही आणि हायड्रिला कापत येतो. मात्र तो बोटही कापतो, अडकला तर हाताला गुंडाळून ओढायचा नाही, काठीला गुंडाळायचा. पूर्वी आमिषाला जिवंत बेडूक लावत. आता रबरी बेडूक मिळतो, त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वर असतात, म्हणून तो पानांवरून न अडकता सरकतो. मेहुण्याच्या पेटीतला हा एकच प्राणी कामाला आला. बाकी चमचमत्या माशांना तीन तोंडांचे गळ होते, ते दर फेकीला किलोभर गवत घेऊन यायचे.

रबरी बेडूक पानावर आपटायचा, थांबायचं, दोन टिचक्या, पुन्हा थांबायचं. पान खालून हललं. मेहुण्याने लगेच ओढला आणि बेडूक आमच्या पायांत येऊन पडला. मरळीने तोंड मारल्यावर मनातल्या मनात दोन आकडे म्हणावेत, तोवर ती बेडूक आत वळवते. पुढच्या खेपेला त्याने ते केलं. सव्वा किलोची, काळसर हिरवी, अंगावर आडवे पट्टे. एवढंच सांगतो, की पावसाळ्याच्या तोंडाला मरळ पिलांच्या लालसर थव्याची राखण करत पाण्यावर दिसते. तेव्हा ती कशावरही झेपावते आणि तिला मारणं फार सोपं असतं. ते करू नये, तो थवा तासाभरात संपतो.

रात्री मामांबरोबर जागलीला गेलो. उन्हाळी धानात रानडुकरं येतात. मचाण चार बल्ल्यांवर, वर पेंढा, हाताशी टॉर्च आणि पत्र्याचा डबा. काही शेतकरी कुंपणात वीज सोडतात. त्यात डुकरांबरोबर वाघ मेलेत, माणसंही मेलीत. मामा डब्यावरच भागवतात. आम्हाला डुक्कर दिसलं नाही, डास भरपूर भेटले.

रविवार

इटियाडोहला नुसती फेरी. गाढवी नदीवरचं हे धरण मामा तलावांपेक्षा अगदी वेगळं पाणी. इथे खोली पाळीपाशी शोधून चालत नाही, बुडालेल्या नदीच्या पात्राचा माग काढावा लागतो, आणि तळाशी जुन्या झाडांची खोडं असतात. मेहुण्याची लांब काठी इथे चालली असती. पण इथला ठेका वेगळ्या संस्थेकडे, रविवारी विचारायला कुणी भेटलं नाही, म्हणून काठ्या बाहेर काढल्या नाहीत. गोठणगावची तिबेटी वसाहत बघितली, परत फिरलो. नवेगावबांधलाही सामान गाडीतच ठेवलं. 1975 पासूनचं राष्ट्रीय उद्यान तिथे लागून आहे, त्या पाण्यात दुर्बीण घेऊन जावं. पाणकोंबड्या आणि बदकं भरपूर होती. सारस दिसला नाही.

सोमवार

निघायच्या आधी सामान धुतलं. रिळाला गोड्या पाण्याचं काही होत नाही हा गैरसमज आहे. चिकण मातीचे कण आत जातात आणि पुढच्या खेपेला ब्रेक अडकत सुटतो. ब्रेक घट्ट करून वरून पाणी ओतायचं, पुसायचं, मग ब्रेक पूर्ण सैल करून ठेवायचा. तंगुसाची पहिली दोन-तीन मीटर कापून टाकली, दगडांवर घासून ती खरखरीत झाली होती. कापलेले तुकडे बाटलीत भरून नागपूरला आणले.

तेरा फुटी काठी मेहुणा विकायला काढणार आहे. मी म्हटलं ठेव, इटियाडोहची परवानगी मिळाली तर लागेल.

पावती परत करायला संस्थेत गेलो तर बाबा वाटच बघत होते. त्यांना पिसाची तरंगी पुरते, काठी बांबूचीच बरी वाटते, पण आमच्या फिरक्या त्यांच्या मनात भरल्या होत्या. दोऱ्याला पीळ बसत नाही हे त्यांनी दोन दिवसांत हेरलं होतं. मेहुण्याने अख्खी पुडी दिली. बाबांनी ती काडेपेटीत बसते का पाहिलं, बसली नाही, म्हणून टोपीच्या घडीत खोचली.

"जावईबापू, मे महिन्यात याल तं सहा नंबरच्या गऱ्या आना. इथं भेटते तं लगेच वाकते."

"किती आणू?"

"आना शंभर. संस्थेच्या नावानं बिल करा."